पुलापलीकडे पस्तीस मिनिटं

ऑस्टिन, १४ मार्च

प्रिय अम्मा,

मी बरी आहे. फोन तू स्पीकरवर ठेवतेस, म्हणून हे लिहून कळवते.

नान्नांच्या साठीला रजा मिळाली नाही, हे खोटं होतं. नोकरीच गेली होती. तशात देश सोडला असता तर परत येता आलं नसतं. साठीच्या विधीत नान्ना तुझ्या गळ्यात दुसऱ्यांदा मंगळसूत्र बांधत होते, तेव्हा मी इथे व्हिडिओ कॉलवर कामात असल्याचं नाटक करत होते.

आता नवी नोकरी मिळाली आहे, काळजी नको. फक्त नोकरी गेल्यावर इथे राहायला साठ दिवस मिळतात, आणि तिचे कागद त्या मुदतीनंतर चार दिवसांनी पोहोचले. वकीलबाई म्हणाल्या, "एकदा देशाबाहेर जा आणि परत आत ये, म्हणजे सगळं नियमात बसेल." पासपोर्टवरचा जुना व्हिसा महिनाअखेरपर्यंत चालतो. म्हणून मंगळवारी सीमेपर्यंत बसने जाऊन तिथल्या नदीवरच्या पुलावरून चालत मेक्सिकोत गेले, कॉफी घेतली आणि परत फिरले.

अधिकाऱ्याने विचारलं, "किती वेळ होतात तिकडे?"

"पस्तीस मिनिटं."

"एवढ्यासाठी गेलात कशाला?"

"परत यायला."

तो हसला. मग त्याने कागद तीनदा उलटून पाहिले. तेवढा वेळ माझे हात काउंटरखाली होते. शेवटी शिक्का मारला.

बाहेर जायचंच होतं तर राजमंड्रीला का नाही आलीस, असं तू विचारशील. सोमवारी रुजू व्हायचं आहे, तेवढ्यात बसत नव्हतं.

तुझा गुडघा कसा आहे? नान्नांना सगळं सांग. फक्त पासपोर्ट परत देताना तो अधिकारी "घरी स्वागत आहे" म्हणाला, तेवढं सांगू नकोस.

दोघांना नमस्कार.

तुझी,
हारिका