चोवीस लिटर

४ एप्रिल

चि. धाकट्यास,
अ. उ. आ. (मोठी आहे म्हणून देते, मनापासून नव्हे.)

मधे एक भिंत, तरी पत्र लिहावं लागतंय, कारण तू बोलणं टाकलंस. टाकी आपली सामाईक आहे. तुझी झाडं वीस, प्रत्येकाला ठिबकची एक तोटी, तोटीतून तासाला दोन लिटर. तीन तास चालवतोस, म्हणजे एकशेवीस. पण आठवडाभर मी टाकीवरच्या खुणा बघतेय. तुझ्या पाळीत एकशेचव्वेचाळीस उतरतात. वरचे चोवीस कुठे मुरतात? सख्खा भाऊ पाणीचोर निघेल असं वाटलं नव्हतं.

माझं बघ. अठरा कुंड्या, एक तास, छत्तीस लिटर. बाबांचं लिंबू तर थेंब न घालता लगडलंय. झाडालाही माणूस कळतं.

लोभ ठेव किंवा ठेवू नकोस, हिशेब मात्र दे.

ताई

६ एप्रिल

ती. ताईस,
सा. न.

आकडेमोड बिनचूक आहे. लहानपणी माझे कान पिरगाळून पाढे घ्यायचीस, त्याचं चीज झालं.

चोवीस लिटर मीच घेतो. भिंतीखालून एक नळी तुझ्या बाजूला आलीय, पाचोळ्याखाली. तिला चार तोट्या, चारही बाबांच्या लिंबाच्या बुडाशी. तासाला आठ, तीन तासांचे चोवीस. बाबा गेल्यावर वाटणीत झाड तुला मिळालं आणि तुझ्या कागदावर त्याच्या नावाने एक थेंब नव्हता. एवढ्या मोठ्या झाडाला काय लागतंय, असं म्हणाली होतीस. तीन उन्हाळे मी तोंड मिटून पाणी दिलं. आता चोरच ठरलोय, तर चोरी बंद. नळी ओढून घेतली. तोट्या पाकिटात आहेत, मोजून घे.

तुझा लोभ फार झाला, आता आवर.

धाकटा

१९ एप्रिल

चि. धाकट्यास,
अ. उ. आ. (या वेळी कंसात काही नाही.)

बारा दिवस बादलीने पाणी घातलं, तुला दिसू नये म्हणून वाकून. ते उतारावरून वाहून जातं, मुळाशी थांबत नाही. काल पानं गळाली, बोराएवढी लिंबंही. झाडू हातात घेतला आणि रडू आलं. तुला चोर म्हटल्याची लाज वाटतेय. तीन वर्षं गप्प राहून मला मूर्ख बनवलंस, त्याचा रागही आहे.

लिंबाचे चोवीस लिटर मी माझ्या वाट्यात लिहिलेत. पण नळीला भोक कसं पाडतात ते मला येत नाही. येऊन तोट्या जोडून जा. बोलायची गरज नाही, मी आतच बसेन. चहा ओट्यावर झाकून ठेवते.

लोभाचं मागाहून बघू. रोज तीन तास पाणी असावं.

ताई