दोन चमक्यांची दानू

सोलापूर, ४ फेब्रुवारी २०२५

ती. सौ. सुकन्याअक्कास,
दानेश्वरीचा शि. सा. न. वि. वि.

फोन केला की आई शेजारी येऊन बसते, म्हणून हे पत्र. दुधनीच्या स्थळाला तू माझा कुठला फोटो पाठवलास? आज तो आईच्या मोबाइलवर बघितला. माझ्या दोन्ही नाकपुड्यांत चमकी! उजवीकडची आली कुठून? दोन्ही भुवया एका रेषेत, हसू मोजूनमापून. मी स्वतःलाच ओळखलं नाही.

अक्का, ते सोळा तारखेच्या रविवारी बघायला येतायत. लग्नानंतर नोकरी सोड असं न म्हणणारा हा मंजुनाथ पहिलाच मुलगा. तुझ्या कारभारापायी तो हातचा गेला, तर मी कुर्डुवाडीला येऊन तुझ्याच उरावर बसेन.

रागावलेली, तरी तुझ्याच लोभातली,
दानू

कुर्डुवाडी, ८ फेब्रुवारी

चि. दानूस,
अनेक आशीर्वाद.

ओरडू नकोस. तुझी उजवी भुवई जन्मापासून वर चढलेली, हसतेस तीही एकाच बाजूने. मोबाइलवर वाचलं, चेहऱ्याचे दोन्ही भाग सारखे असले की माणूस देखणा वाटतो. म्हणून मी तुझी डावी बाजू पालटून उजवीकडे लावली. चमकी डावीकडे आहे हे ध्यानातच आलं नाही!

पण मंजुनाथच्या आई, ईरम्माबाई, फोटोवर भाळल्यात. त्यांच्या सासूबाई दोन्ही नाकपुड्यांत चमक्या घालायच्या. आजकाल अशी मुलगी मिळती कुटं, म्हणाल्या. तेव्हा उजवीकडे चमकती टिकली चिकटव, आणि त्या दिवशी हसू नकोस.

आईला नमस्कार, तुला एक चापट आणि दोन पापे.
अक्का

सोलापूर, १७ फेब्रुवारी

ती. सौ. अक्कास,
शि. सा. न.

टिकली पोह्यांत पडली. तीही ईरम्माबाईंच्या! बशी द्यायला वाकले आणि गेली. मला हसू फुटलं, तेही त्याच बाजूने. मग मंजुनाथ हसला.

तो अक्कलकोट रोड एमआयडीसीत चादरींची डिझाइनं करतो. अर्धा मोर काढायचा, उरलेला कॉम्प्युटर पालटून देतो. फोटोतली लबाडी त्याने पहिल्याच दिवशी ओळखली होती, आईचा आनंद बघून गप्प बसला. म्हणाला, दिवसभर पालटलेलंच बघतो, घरात तरी एक तोंड न पालटलेलं असू दे की. ईरम्माबाई जरा हिरमुसल्या, मग टिकली बाजूला सारून पोहे संपवले आणि साखरपुड्याची तारीख विचारली.

आता शेजारणी सारख्या विचारतात, मुलगा दिसायला कसा, नाक सरळ हाय का? अक्का, देवाशपथ, मला सांगताच येत नाही. तासभर त्याच्याकडेच तर बघत होते.

तुझ्या लोभाला आता वाटेकरी आलाय, सांभाळून घे.
दानू