मागं सरकनारी यादी

८ जुलै
पलू गोंदियाहून आली. बॅग ठेवली, चहा बी नाही, अन् म्हणते, आजी, अंगठा दे. मी म्हटलं कोनत्या कागदावर? हसली. कागद नाही, फोनवर ठेव म्हणे. कॉलेजात शेवटच्या वर्साले एक अॅप बनवून दाखवा लागते, तर माझ्या नातनीनं आमच्या रोवणीच्या पाळीचंच घेतलं. आम्ही नऊ घरच्या बाया पाळीपाळीनं एकमेकीच्या बांधीत धान रोवतो. कोनाचा चिखल तयार आहे ते पाहून पाळी मीच ठरवते, अन् उद्या कोनाकडं जायचं ते घरोघर सांगत फिरते. तीस वर्सं झाले. आता गुडघे... जाऊ दे. पलूच्या सरांची एक अट आहे. तोंडानं कोनी सांगायचं नाही, बायांनी फोन पाहूनच पोचायचं. तसं झालं तर हे पास, नाही तर दुसरं काही बनव म्हणाले. पोरगी चार महिने याच्यावर बसून आहे.

९ जुलै
बांधीतूनच फोन दाबून पाहिला. हात ओला, चिखलाचा. ‘येते’ दाबलं तर ‘येत नाही’ लागलं. दोनदा. पलू बांधीच्या काठाले, धुऱ्यावर उभी राहून पाहून राहिली होती, मले वाटलं चिडते. तर नाचलीच, चूक आत्ताच सापडली म्हणून.

घरी येऊन तिनं दाखवलं. बटन तयारच भेटते म्हणे, आपन आनून ठेवायचं. त्याच्याखाली ओळीनं लिहिलेलं असते, रुंदी किती, उंची किती, रंग कोनता. पन ओल्या हातासाठी जागा किती सोडायची, ते त्यात नसतेच. मंग तिनं आपल्या मनानं एक ओळ बनवली, ‘ओलाहात’. एकदा बनवली का कोनत्याही बटनाले लावा, ते बटन मोठं होते अन् दुसऱ्यापासून दूर सरकते. मी म्हटलं, हे त बाजारच्या ब्लाउजसारखं झालं. ब्लाउज तयार आनतो, पन काखेत पट्टी आपनच लावतो. पलूनं ते वहीत लिहून घेतलं. माझं बोलनं कोनी वहीत लिहीन असं वाटलं नव्हतं.

रात्री मुगाची भाजी. मीठ जास्त झालं, आनंदात.

११ जुलै
ज्या बायांले वाचता येत नाही त्याहीच्यासाठी नावाच्या बाजूले फोटो. शेजारची कौसल्या (पुढं कौ. लिहीन, नाव लांब आहे) लग्नातलाच फोटो लाव म्हणून अडून बसली. पलू म्हणे मोठी आई, यात तुम्हाले कोन वयखन? कौ. म्हणे, ‘न वयखो. पन दिसो त चांगली.’

लावला.

१५ जुलै
लिहावंसं वाटत नाही. पन लिहिते.

आज पयली पाळी वच्छलाची होती. फोनवर तिचं नाव सगळ्यात वर. मी तिच्या बांधीवर गेली. परे, म्हणजे धानाची रोपं, खणून, जुड्या बांधून तयार. पन कोनीच नाही. आठ वाजले, नऊ वाजले. सात बाया गेल्या कुठं, त यादीतल्या सगळ्यात खालच्या नावाकडं! तिथं चिखल बी केलेला नाही, गवत अन् एक म्हैस. त्याहीले बोलावून आनेपर्यंत दुपार झाली. वच्छला जुड्यांवर पानी शिंपडत राहिली. अर्धे परे वाकले.

बाया म्हणाल्या, तू तोंडानंच सांगत जाय बाई. पलू घरात गेली त बाहेर आली नाही. जेवली बी नाही.

१६ जुलै
कौ.ले धरून विचारलं, काऊन वो, सगळ्याच्या सगळ्या खालीच कायले गेल्या? वरचं नाव दिसलं नाही का?

‘दिसलं ना. पन समोर दिसते ते रोवून झालेलं राह्यते. बाकी राह्यते ते पायापाशी. जिंदगीभर मागं सरकत रोवलं, आता फोनसाठी सीधी चालू का?’

मी तिथंच बसली. खरंच त आहे. रोवणीत आपन मागं मागं जातो, हिरवं समोर राह्यते, खाली चिखल बाकी. मले पाळी तोंडपाठ, म्हणून माझ्या ध्यानातच आलं नाही.

पलूले सांगितलं. कालपासून पयल्यांदा तोंड वर केलं तिनं.

१७ जुलै
दिवसभर टकटक. तयार यादी वरून खाली चालते, तिले मागं सरकनं येत नाही म्हणे. म्हणून ओलाहातसारखी आनखी एक ओळ. आता पुढचं नाव खाली, अंगठ्यापाशी, मोठ्ठं. झालेलं वर सरकते अन् हिरवं होते. या ओळीचं नाव काय ठेवू म्हणून मलेच विचारलं. मी म्हटलं, रोवणी. दुसरं काय ठेवते?

संध्याकाळी पलू घरोघर जाऊन नवीन टाकून आली. वच्छलाकडं सगळ्यात आधी गेली. तिथं काय बोलली ते सांगत नाही. पन वच्छलानं टाकू दिलं.

१९ जुलै
उद्याची पाळी माझी ठेवली. दुसऱ्या कोनाचे परे आता वाकवायचे नाही. आज खणले, जुड्या बांधल्या. पलू पाठीमागं लागली, आजी, या वेळी सांगून दे ना तोंडानं, सरांले मी खरं सांगून देईन. मी म्हटलं, मंग चार महिने कायले बसली होती?

दिवेलागणीले कौ. दारात आली. ‘उद्या कोनाकडं वो?’

तीस वर्साची सवय. शब्द ओठावर आला होता. गिळला. म्हटलं, ‘फोन पाय.’

तिनं कमरेचा फोन काढला, लुगड्याले पुसला. बराच वेळ पाहत राहिली. अंगठा वर नेला, मंग खाली आनला. फोन खोचला अन् चालली गेली. पलू माझा हात धरून होती.

जुड्या पान्यात ठेवल्या आहेत. सकाळी दोघी जाऊन धुऱ्यावर बसू.