बिनफेसाच्या साबणाचा वारस

॥ श्री देव रवळनाथ प्रसन्न ॥

मी, सुबोध दत्ताराम घाडी, वय एकोणपन्नास, धंदा साबण बनवणे, राहणार जोगेश्वरी पूर्व, मुंबई, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय, पूर्ण शुद्धीवर राहून आणि सकाळची पूजा आटोपून लिहीत आहे. मागच्या महिन्यात डॉक्टरांनी माझ्या हृदयात स्टेंट बसवला. आता तब्येत झकास आहे आणि मरायची घाई मुळीच नाही. पण इस्पितळात भेटायला आलेल्या माझ्या भागीदाराने, मधुकर पेडणेकरने, शहाळं हातात देता देता विचारलं, "अरे, तुझ्या माघारी त्या रिॲक्टराचा काय करूचा?" प्रश्न वेळेआधी आला, तरी चुकीचा नव्हता. त्याचं उत्तर म्हणून हा कागद.

१. जोगेश्वरीचं राहतं घर आणि बँकेतली सर्व शिल्लक माझी पत्नी सौ. मालन हिला मिळावी. मी साबणवाला असूनही ती मिक्सरच्या मागे दुकानातली निळी वडी लपवून ठेवते, हे मला माहीत आहे. "अहो, फेस आला नाही की भांडं घासल्यासारखं वाटतच नाही," असं ती म्हणते. त्याबद्दल माझी तक्रार नाही. वडी यापुढे उघड ठेवावी.

२. अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या गाळ्यातला माझा अर्धा हिस्सा मालन आणि मुलगी जान्हवी यांना समान मिळावा. देवघरातल्या मूर्ती जान्हवीला. पूजा रोज जमली नाही तरी चालेल, पण देवांना कपाटात कोंडू नये.

३. आता रिॲक्टर. वाचणाऱ्या वकिलांना कळावं म्हणून लिहितो. स्टीलच्या बंद भांड्यात खोबरेल तेलातलं आम्ल आणि साखर असते. एन्झाइमचे दाणे त्यांची गाठ मारतात. गावच्या शाळेत आम्ही एन्झाइमला विकर म्हणायचो. त्या गाठीतून तेलकटपणा काढणारा पदार्थ तयार होतो. तो नाल्यात गेला तरी विरून जातो. भांड्याचा ताप बेताचा ठेवावा लागतो. घाईने वाढवला की दाणे कामातून जातात. आत तयार होणारं पाणीही सतत ओढून काढावं लागतं. ते साचलं तर ज्या एन्झाइमने गाठ मारली, तेच ती सोडायला लागतं. दोष एन्झाइमचा नसतो, साचू देणाऱ्याचा असतो. अशी गाठ सुटलेली घरंही मी पाहिली आहेत.

या साबणाला फेस येत नाही. मधुकरचं आणि माझं सगळं भांडण तेवढंच. "फेस नाय तर तो साबण कसलो रे?" असं तो रोज म्हणतो. रिॲक्टर भंगारात द्यावा आणि त्या जागी साधा मिसळायचा ड्रम आणावा, असा त्याचा आग्रह आहे. एकदा एका हॉटेलच्या मालात त्याने मला न विचारता बाजारातली फेसाची पावडर घातली. त्या हॉटेलवाल्याने आजवर आमच्या तेवढ्याच मालाची तारीफ केली. हे मी माफ केलेलं नाही, आणि करणारही नाही.

रिॲक्टर जान्हवीला द्यावा, असं आधी मनात होतं. ती म्हणाली, "बाबा, प्लीज. मला नको ना ते." मालनने मला स्वयंपाकघरात बोलावून सांगितलं, "पोरीच्या पायात ते भांडं बांधू नका." मी ऐकलं.

मी इस्पितळात होतो तेव्हा रिॲक्टरात माल शिजत होता. मी धोक्याबाहेर आहे हे सांगायला जान्हवी गाळ्यात गेली. मधुकर रिॲक्टरपाशी स्टुलावर बसला होता. "काय गो बाय, बापूस बरो मा? वायच थांब, ह्येचो ताप वाढता," असं म्हणून आधी त्याने ताप उतरवला आणि मग डोळे पुसले. इस्पितळात परत येऊन ती म्हणाली, "मधुकाका त्याला शिव्या घालत होते, बाबा, पण जागचे हलत नव्हते."

म्हणून रिॲक्टर, एन्झाइमचे दाणे आणि माल करण्याची पद्धत मी मधुकर पेडणेकर याला देत आहे. अट एकही घातलेली नाही. त्याला भंगारात घालायचा असेल तर घालू दे. देवापुढे नैवेद्य ठेवल्यावर तो कसा खायचा, हे आपण देवाला सांगत नाही.

४. वरचं कलम माझ्या हयातीत मधुकरला कळू देऊ नये. कळलं तर उद्यापासून गाळ्यात फेसच फेस होईल.

५. या कागदाची अंमलबजावणी मालनने करावी. माझ्या मागे जेवणावळी नकोत. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही.

साक्षीदार म्हणून सही करायला मधुकर आज नवा शर्ट घालून आला होता. ज्याला काही मिळायचं आहे त्याने साक्षीदार होऊ नये, असं वकिलांचं म्हणणं. हे कारण त्याला सांगता येईना. म्हणून "तुझी सही कोणाला वाचता येत नाही," असं सांगून मी त्याला बाहेर काढलं. आता तो जिन्यात बसला आहे. "चाळीस वर्सांची दोस्ती, आणि माझी सही नको तुका?" हे इथपर्यंत ऐकू येत आहे. देवाने मला एवढं खोटं माफ करावं. आणि मधू, हे वाचशील तेव्हा तूही कर.

सही: सुबोध दत्ताराम घाडी

सुबोध घाडी यांनी आमच्या डोळ्यांदेखत सही केली, आणि आम्ही त्यांच्यासमोर:

१. डॉ. शीतल वैद्य, जोगेश्वरी पूर्व (लिहून देणारे शुद्धीवर आहेत, आणि हसत आहेत)
२. धम्मपाल कांबळे, शेजारचा गाळा, अंधेरी पूर्व

ठिकाण: जोगेश्वरी, मुंबई
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५