हो, हो

वसतिगृह,
४ ऑगस्ट

ती. काकूस,
शि. सा. न. वि. वि.

फोन असताना ही पोरगी पत्र कशाला खरडते, डोकं ठिकाणावर आहे ना, असं तुझ्या मनात येणार. आहे. आमच्या माध्यमशास्त्राच्या सरांनी फर्मान काढलंय की या सत्रात घरच्यांशी फक्त हाताने लिहिलेल्या पत्रांतून बोलायचं आणि बोलण्यात काय बदलतं ते बघायचं. नवमाध्यमं शिकायला आले आणि पाकिटं चिकटवत बसलेय.

या वर्षीची खोली बरी आहे. जोडीदारीण तीन पडद्यांशी एकदम बोलते, माझ्याशी मात्र क्वचित. माझा पदव्युत्तरचा प्रकल्प आवाजाचा आहे. अक्षर नको, चित्र नको, नुसतं बोलायचं आणि ऐकायचं, असं ॲप. सरांनी विचारलं, हे कोणासाठी. मी म्हटलं, सगळ्यांसाठी. ते म्हणाले, मग अजून कोणासाठीच नाही. तेव्हापासून अडलेय.

पण खरं अडलेय ते दुसरीकडे. मागच्या फोनवर मी काकांना सरळ विचारलं, दुकानात हाताशी न राहता इकडे शिकायला आले म्हणून माझ्यावर रागावलात का. ते अगदी शांतपणे म्हणाले, हो, हो. आणि फोन तुझ्या हातात दिला. काकू, मला घास गोड लागत नाही. आईबाबा गेल्यावर ज्यांनी मला वाढवलं, शिलाई मारता मारता माझे पाढे घेतले, त्यांना दुखवून मिळवलेली पदवी मला नको. राग खरा असेल तर स्पष्ट कळव, सत्र संपलं की गाशा गुंडाळून येते.

लोभ आहेच. रागावला असाल तरी तो तसाच ठेवा.

तुझी,
ढमी

---

घर,
१३ ऑगस्ट

चि. ढमीस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. आपल्या दारात जाहिरातींच्या कागदांशिवाय काही पडत नाही, त्यामुळे पोस्टमनलाही अप्रूप वाटलं. एवढं डिझाइन शिकतेस आणि अक्षर अजून कोंबडीचे पाय ते कोंबडीचे पायच. वाचताना चष्मा दोनदा पुसला.

इकडे सगळं ठीक. दुकानाला नवा रंग दिला. तुझ्या काकांनी हिरवा सांगितला, रंगाऱ्याने निळा लावला, आणि काका म्हणतात छान झालाय. शेजारीण तुझी चौकशी करते. तू नेमकं काय शिकतेस ते मी तिला समजावलं. आता ते तिलाही कळत नाही आणि मलाही. जेवत जा वेळेवर.

आमचा लोभ आहे तो आहेच, त्याची काळजी तू करू नकोस.

तुझी,
काकू

ता. क. काकांना ऐकू येत नाही गं. बरेच दिवस झाले. समोर असलं की ओठांवरून ओळखतात, फोनवर काही म्हणजे काही कळत नाही. मग जो जे विचारेल त्याला हो, हो. रंगाऱ्याने निळा लावू का विचारलं, हो, हो. गिऱ्हाइकाने कोट उद्या मिळेल का विचारलं, हो, हो. दुसऱ्या दिवशी नुसती बोंबाबोंब. तुला कळलं तर अभ्यास टाकून धावत येशील म्हणून मला शपथ घातली होती. ती आज मोडली. मोडली तर मोडली.

---

वसतिगृह,
२४ ऑगस्ट

ती. काकूस,
शि. सा. न. वि. वि.

मुद्द्याचं तू फोनवरही कायम शेवटी सांगतेस हे ठाऊक असल्याने मी पत्र शेवटाकडून वाचायला घेतलं, आणि जिन्यातच बसले. हसले, मग रडले, मग पुन्हा हसले. जोडीदारणीने चक्क तिन्ही पडदे सोडून मला पाणी आणून दिलं.

मग माझं मलाच कळलं की मी वर्षभर खपून जे बनवत होते त्यात काकांना जागाच नव्हती. दुसऱ्या दिवशी सगळा प्रकल्प मोडला. सरांना सांगितलं, आता हे एका माणसासाठी आहे, तो शिंपी आहे आणि माझा काका आहे. ते म्हणाले, आता काम सुरू झालं.

नवं असं आहे. आपण बोलू ते समोरच्या पडद्यावर अक्षरांत उमटतं. जोरात बोललं की अक्षर ठसठशीत, हळू बोललं की बारीक, थबकलं की मध्ये रिकामी जागा. म्हणजे तू काकांवर करवादलीस तर तेही दिसेल. आणि खाली, अंगठ्याला सहज सापडेल असं, सगळ्यात मोठं बटण आहे: पुन्हा सांग. हो, हो म्हणण्यापेक्षा ते दाबणं सोपं वाटावं म्हणून त्याचा आकार मी कितीदा तरी बदलला. शेवटी कोटाच्या मोठ्या बटणाएवढा ठेवला, काकांच्या बोटांना सवयीचा.

तुम्हा दोघांचे माझ्यावर इतके उपकार आहेत की आभार मानायला लाज वाटते, तरी मानते. माझं शिक्षण जेवढं सरांनी केलं तेवढंच तुझ्या त्या ता. क. ने केलं. मार्चमध्ये आमचं प्रदर्शन आहे. काका येतील का, आणि पहिल्यांदा तेच वापरून बघतील का? या वेळी तोंडी विचारू नकोस. हे पत्रच त्यांच्या हातात दे.

लोभ शिवून टाकलाय तसा पक्का राहू दे.

तुझी,
ढमी

---

घर,
२ सप्टेंबर

चि. ढमीस,
अ. उ. आ.

सांगितलंस तसं केलं. पत्र त्यांच्या हातात दिलं, सोबत तुझं पहिलंही, आणि मी स्वयंपाकघरात सटकले. पुढे दुकानातलं शिलाईयंत्र थांबलं ते बराच वेळ सुरू झालं नाही. मग आत येऊन म्हणाले, शपथ मोडलीस. म्हटलं, मोडली. म्हणाले, बरं केलंस. आता दुकानात पाटी ठेवलीय, गिऱ्हाइकाने काय हवं ते लिहून द्यायचं. या आठवड्यात एकही भांडण नाही, मला चुकल्याचुकल्यासारखं होतंय.

खालची जागा त्यांनी मागून घेतलीय, म्हणून आटोपते. लोभ माझा निम्मा, निम्मा त्यांचा.

तुझी,
काकू

ता. क. चि. ढमीस, काकाचा आशीर्वाद. त्या दिवशी फोनवर तू काय विचारलंस ते मला आत्ता कळलं. त्याचं उत्तर, नाही, असं आहे. राग कधीही नव्हता, पुढेही नसेल. तू शिकतेस याचा मला फार आनंद आहे, तो सांगायचा राहिला. गाशा गुंडाळायचा नाही. तुझ्या पत्रात शेवटी विचारलं आहेस की प्रदर्शनाला येतील का. ते मी पुन्हा पुन्हा वाचलं, नीट समजून घेतलं, आणि आता उत्तर देतो.

हो, हो.