मृणालीची पंधरा मिनिटं

नागाव,
३ फेब्रुवारी २०२५

ती. ताईस,
हर्षदचा सा. न. वि. वि.

आम्ही ठीक आहोत. मृणालीचा खोकला गेला. फोनवर मी गडबडतो, म्हणून लिहितो आहे. होमस्टेवर पाहुणे मानसशास्त्राचं एक पुस्तक विसरून गेले. त्यात एक प्रयोग आहे. लहान मुलापुढे गोड ठेवायचं. पंधरा मिनिटं थांबलं तर आणखी एक द्यायचं. थांबणारी मुलं पुढे जातात, न थांबणारी मागे पडतात. मी घड्याळ लावून तुझ्या लेकीपुढे नारळाची वडी ठेवली. मी दाराबाहेर पडण्याआधीच तिनं ती संपवली. तीन दिवस केलं, तिन्ही दिवस तेच. अलिबागच्या मोठ्या शाळेत ती माझ्यासारखी मध्येच गळेल आणि तोंड लपवत फिरेल, या भीतीनं पहिलीचा अर्ज भरलाच नाही. मुदत शुक्रवारी संपली. तिलाही कारण नीट समजावून सांगितलं आहे.

रागावलीस तरी लोभ तोडू नकोस.

तुझा,
हर्षद

श्रीवर्धन,
८ फेब्रुवारी

चि. हर्षद यास अ. आ.

सुपारी सोलायची टाकून हे लिहायला बसले आहे. अरे शहाण्या, माझ्या पानातली तळलेली मांदेली कोण पळवायचा? आपल्या घरात थांबणारा उपाशीच राहायचा. आणि मृणालीला तुझ्याकडे ठेवून मी श्रावणात निघाले, आठ दिवसांत परत येते असं सांगून, ती अजून इथेच आहे. थांब म्हणणाऱ्यांवर त्या पोरीनं विश्वास का ठेवावा? उद्याच्या उद्या शाळेत जा, बाईंच्या पाया पड. आईला कळू देऊ नकोस, तिचा रक्तदाब वाढेल. वेळेवर जेवत जा.

माया आहे, रागही आहे.

ताई

नागाव,
१४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न.

शाळेत दोनदा जाऊन आलो. यादी लागली, जागा नाही. बाई म्हणाल्या की तोच प्रयोग नंतर कितीतरी जास्त मुलांवर केला, तेव्हा घरची परिस्थिती जमेस धरल्यावर फरक जेमतेमच उरला. थोडं तथ्य आहे असं काही जण अजूनही म्हणतात, वाद चालू आहे. त्यांना वाद घालायला वेळ आहे. मी एकाच मुलीवर निकाल लावून मोकळा झालो.

काल मृणालीला सांगितलं की ती परीक्षाच चुकीची होती, तुझं काही चुकलं नव्हतं. तिनं विचारलं, मग आता मोठ्या शाळेत घेणार का. मी नाही म्हणालो. ती म्हणाली, पुढच्या वेळी मी नक्की थांबेन.

काही मागायला तोंड उरलेलं नाही, तरी आठवण ठेव.

हर्षद