हसून उतरवलेलं प्रेशर

२ तारीख, सोमवार.
डॉक्टरीणबाईंनी प्रेशर मोजलं. माझं वर, हिचंही वर. दोघांना गोळ्या, बहुधा कायमच्या. महिनाअखेर परत दाखवायचं. मी स्पष्ट विचारलं, तुमचं यंत्र शेवटचं कधी तपासलं होतं? बाई म्हणाल्या, तुम्ही गोळी घ्या. याला उत्तर म्हणत नाहीत. इतकी वर्षं वजनकाटे दुरुस्त करतोय, तेही कुणाकडे न शिकता. काट्याचं खोटं मला लांबून कळतं.

४ तारीख.
हसल्याने रक्तवाहिन्या सैल होतात, प्रेशर उतरतं, असं वाचलं. निश्चय: गोळ्या बंद. रोज पहाटे गॅलरीत पोटातून हसणे. हिला म्हटलं, तूही ये. म्हणाली, मला गोळीच बरी, गिळली की गप्प बसते.

५ तारीख.
सुरुवात उत्तम. खालचे रिटायर मास्तर वर येऊन विचारून गेले, घरात कुणाचं काही बरंवाईट झालं का. मुलीने दाराआडून रेकॉर्डिंग केलं. अभ्यासासाठी असणार.

९ तारीख.
हसू आपोआप येत नाही, हा तांत्रिक दोष. मेहुण्याचं भाषण आठवून पाहिलं. राग आला. मग हसण्याच्या तीन पायऱ्या ठरवल्या: हलकं, मध्यम, जड. जड हसताना मानेत उसण भरली. म्हणजे परिणाम होतोय.

१३ तारीख.
दुकानात प्रयोग. भाजीवाली दुरुस्त केलेला काटा न्यायला आली, तिच्यासमोर मध्यम हसलो. म्हणाली, मालक, माझ्या काट्याला हसता होय? तुमच्याच हातचा आहे. आणि काटा उचलून तडक समोरच्या दुकानात तपासायला गेली. तिथला म्हणे कोर्स केलेला आहे. दिवसभर गोळ्या न घेतल्याचं समाधान तेवढं राहिलं.

१८ तारीख.
घरी प्रेशरचं यंत्र आणलं, गोल डायलवर सुई फिरते ते. आकडा पहिल्यापेक्षा वर. म्हणजे यंत्र सदोष. उघडलं, सुई काढून जरा मागे बसवली. कुठे बसवायची ते मला नेमकं माहीत होतं. पुन्हा मोजलं. तरुण पोराचं प्रेशर.
हिला दाखवलं. म्हणाली, म्हणजे गोळी यंत्राला दिलीत. आणि ओटा धरून हसत हसत खाली बसली. डोळ्यांतून पाणी. तंत्र साफ चूक, सगळं हसू घशातून. तसं समजावून सांगितलं, तर जास्तच वाढलं.

३० तारीख.
दवाखाना. माझं आणखी वर. आता एका गोळीच्या दोन, आणि न चुकता. हिचं इतकं उतरलंय की गोळी अर्धी केली. बाईंनी तिला विचारलं, गोळीशिवाय आणखी काय करता? ही म्हणाली, काही नाही, पहाटे गॅलरीचं दार किलकिलं ठेवते. बाईही हसल्या. त्यांचं मात्र पोटातून.
त्यांचं यंत्र बंद डब्यातलं आहे, स्क्रू कुठे दिसला नाही.
घरी येऊन दोन्ही गोळ्या गिळल्या. जाहीर केलं, उद्यापासून गॅलरी बंद. ही म्हणाली, अहो, असं करू नका. माझी आत्ता कुठे अर्धीवर आलीय.